लग्नाचा उपदेश आणि गाळलेलें वचन

मंडळींत लग्नसराई सुरू झाली म्हणजे एक उपदेश हमखास ऐकावा लागतो. पाळकमहाशय इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पांचवा अध्याय उघडतात, बाविसाव्या वचनावर बोट ठेवतात, आणि वधूकडे पाहून तिनें पतीच्या अधीन कसें रहावें हें विस्तारानें सांगूं लागतात. गेल्या महिन्यांत अशाच एका प्रसंगीं आम्ही पाऊण तास बसलों होतों. त्यांतलीं पांच मिनिटेंही वराच्या वांट्याला आलीं नाहींत.

वाचन बाविसाव्या वचनापासूनच कां सुरू व्हावें, असा आमचा प्रश्न आहे. एकविसाव्यांत पौलानें सर्वच विश्वासणाऱ्यांना परस्परांच्या अधीन होण्यास सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर कांहीं अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचें क्रियापदच नाहीं. तें एकविसाव्याकडून उसनें घ्यावें लागतें. म्हणजे ज्या वाक्याच्या बळावर वधूला उपदेश करावयाचा, त्याचा कणा आधींच्या वाक्यांत आहे, आणि नेमकें तेंच आपण गाळतों! पति हा मस्तक आहे असेंही पौलच म्हणतो, असा आक्षेप येईल. म्हणतो खरा. पण पत्नीला उद्देशून तीन वचनें होतांच तो पंचविसाव्यापासून पतीकडे वळतो, आणि त्याच्यापुढें नमुना ठेवतो तो मंडळीकरितां प्राण देणाऱ्या ख्रिस्ताचा, हुकूम सोडणाऱ्या मामलेदाराचा नव्हे.

हा वाद केवळ व्याकरणाचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ज्या घरांत पतीचा हात उठतो त्या घरांतली बाई पाळकाकडे गेली, तर तिला हेंच वचन पुन्हां ऐकवून परत पाठविलें जातें. हें आम्ही पाहिलें आहे. तिच्या सहनशीलतेला मग ‘आत्मिक वाढ’ असें गोंडस नांव मिळतें. पतीची आत्मिक वाढ कोठें अडली, हें कोणी विचारीत नाहीं.

परस्पर अधीनता म्हणजे काय, याचा दाखला शोधावयास दूर जावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं, पत्नीस बरोबर न घेतां, मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तेव्हां काय कोसळलें तें त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’त वाचावें. १९३४ सालीं त्याचा पहिला भाग निघाल्यापासून महाराष्ट्र तें पुस्तक हंसत वाचीत आला आहे, आणि हंसण्याच्या भरांत त्यांतलें दुःख विसरला आहे. धर्मांतरामुळें जोडीदारानें सोडून दिल्यास नव्या ख्रिस्त्याला विवाह मोडून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्यानें दिली होती. टिळक त्या वाटेनें गेले नाहींत. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या आपलें सोवळें बरोबर घेऊनच. विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर तिला सोडूं नये, हें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतलें पौलाचें सांगणें. एका बिऱ्हाडांत तें प्रत्यक्ष पाळलें गेलें. जातिभेद माणसांनीं केला, देवानें नव्हे, हें लक्ष्मीबाईंना पटलें तें स्वतःच्याच विचारानें. बाप्तिस्मा त्यांनीं १९०० सालीं घेतला.

मधलीं हीं पांच वर्षें अधीनतेच्या उपदेशकाला पतीचें अपयश वाटतील. आम्हांला त्या संसारांतलीं तींच सर्वांत ख्रिस्ती वर्षें वाटतात. टिळकांना देव्हाऱ्यांत बसविण्याचा आमचा हेतु नाहीं. ते तापट होते, लहरी होते, पैसा त्यांच्या हातीं ठरत नसे. लक्ष्मीबाईंनींच तें सारें लिहून ठेविलें आहे, आणि त्यांच्याशीं कडाक्यानें भांडल्याचेंही लिहिलें आहे. ह्या भांडणांना आमचे उपदेशक कोणत्या वचनाखालीं घालणार?

टिळक १९१९ सालीं वारले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ थोड्याच अध्यायांवर थांबलें होतें. उरलेला, म्हणजे बहुतेक सारा, ग्रंथ लक्ष्मीबाईंनीं रचला. लग्नाच्या वेळीं ह्या बाईंना वाचतां येत नव्हतें.

येत्या लग्नसराईंत पाळकमहाशयांनीं एक वचन वर सरकून वाचावयास आरंभ करावा, एवढीच आमची विनंति आहे. वेळ पुरत नसेल तर हारतुऱ्यांचा कार्यक्रम थोडा आटोपता घ्यावा.