कूस बदलण्याची मजुरी

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातली माणसं आतल्या खोलीत गाढ झोपेत. पलंगावरच्या आजींना पक्षाघात होऊन आठ महिने झाले, डावं अंग हलत नाही. खाली सतरंजीवर कलंडलेल्या मावशी उठतात. आजींचा डावा गुडघा दुमडतात, एक हात खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे घालून त्यांना हलकेच उजव्या कुशीवर वळवतात. पाठीशी लोड, दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेली चादर. ओढायचं नाही, उचलून सरकवायचं. ओढलं की म्हातारपणाची कातडी सोलून निघते. मोबाइलच्या उजेडात माकडहाडाजवळची जागा नीट बघतात. लालसर वाटली तर सकाळी ताईंना सांगायचं. डायपर बदलायचा, लघवीची पिशवी रिकामी करायची, ओठ ओल्या बोटाने पुसायचे. दोन तासांनी पुन्हा हेच.

या कामाला आपण ‘बाई ठेवलीय’ एवढ्या दोन शब्दांत संपवतो. लाल झालेली जागा एक रात्र नजरेतून सुटली तर पुढे जखम होते आणि ती भरायला महिनोन्‌महिने जातात. त्यामुळे ही कसबाची मजुरी आहे आणि तिच्याकडे तसंच पाहायला हवं.

महाराष्ट्राला हे कसब ठाऊक नाही, असं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ च्या नोव्हेंबरात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा एवढी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर बेडसोर नाही, ही गोष्ट साऱ्या देशाला कळली. न्यायालयानेही त्या परिचारिकांना मनापासून दाद दिली. त्यांच्या सेवेत माया होतीच, पण सोबत ठरलेल्या पाळ्या होत्या, अडल्यानडल्याला हाताशी दुसरा हात होता, दरमहा पगार होता, रजा होती. फ्लॅटमधल्या मावशी मात्र बारा तास एकट्या असतात.

पुण्या-मुंबईत रुग्णसेवेसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा तासांसाठी बाई ठेवायची तर महिन्याला साधारण वीस हजार किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. तीस दिवसांचे ३६० तास होतात. म्हणजे तासाला पंचावन्न रुपये, आणि त्यातूनही ब्युरोचं कमिशन जातं. पोर आजारी पडलं म्हणून घरी राहिलं की खाडा. रोज दोन बस बदलून यायचं, एका माणसाचं वजन दिवसातून दहा वेळा पेलायचं, आणि कंबर धरली की औषध स्वतःच्या पैशाने घ्यायचं.

पण म्हणून पैसे देणाऱ्या घरावर बोट रोखणं अन्यायाचं होईल. रात्रीचीही बाई लागली की खर्च चाळीस हजारांवर जातो, डायपर, औषधं, एअर बेडचं भाडं वेगळं. आणि उत्पन्न? कारखान्यांतून किंवा एसटीतून निवृत्त झालेल्या लाखो लोकांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची, म्हणजे ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते; तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ती ७,५०० करावी म्हणून बुलढाण्यातून उभं राहिलेलं पेन्शनरांचं आंदोलन वर्षानुवर्षं चालू आहे. ती मागणी उद्या मान्य झाली, तरी त्या पैशात एका पाळीचे पंधरा दिवससुद्धा भागत नाहीत. श्रावणबाळ योजनेतून गरीब वृद्धांना महिना मिळतात १,५०० रुपये. अशा घरात दिवाळीला हजार रुपये वाढवून मागणारी मावशी आणि ते आणायचे कुठून या विवंचनेतली सून समोरासमोर उभ्या राहतात. दोघींचंही म्हणणं खरं असतं. तोडगा निघाला नाही की बहुतेक वेळा सूनच नोकरी सोडते, किंवा लेक माहेरी येऊन राहते, आणि त्या गेलेल्या पगाराची नोंद कुणीच ठेवत नाही.

या दोघींच्या मध्ये सरकारने यायला हवं होतं. ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं संरक्षण मिळालं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यात बसतात. आजोबा न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन होऊन जाईल. पण घरी आणल्यावर त्यांना उठवायला, बसवायला, संडासला न्यायला तीन महिने जे माणूस लागतं, त्याच्या पगाराची सोय या योजनेत नाही. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला, त्याने सगळा भार मुलांवर टाकला. त्यातही निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. आणि मावशींसाठी? राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. पण किती तासांना किती पैसे, हे तो सांगत नाही. घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का, हे तपासायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं.

याच कामाची किंमत परदेशात काय आहे, हे आपल्या राज्यकर्त्यांना नक्की माहीत आहे. कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, आणि त्यात रुग्णसेवेची कामंही आहेत. जर्मनीत या कामाचं प्रशिक्षण न घेतलेल्या मदतनिसालाही तासाला किमान १६.१० युरो द्यावे लागतात. हा जुलै २०२५ मध्ये लागू झालेला दर. हे पैसे एकट्या कुटुंबाच्या खिशातून येत नाहीत. १९९५ पासून तिथे नोकरदाराच्या पगारातून काळजी-विम्याचा हप्ता कापला जातो, मालकही आपला वाटा भरतो. तरीही तिथल्या कुटुंबांना झळ बसतेच, हेही सांगायला हवं. पण निदान तो भार साऱ्या समाजात वाटला जातो.

जर्मनी लांब वाटत असेल तर केरळकडे पाहावं. तिथे २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आलं. ग्रामपंचायतीच्या आधाराने नर्स घरोघरी जाते, जखम धुते, कॅथेटर बदलते, घरच्यांना कूस कशी बदलायची ते दाखवते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीपुढचे लोक १ कोटी १० लाखांच्या वर होते. गरज मोठी आहे, आणि केरळसारखी नर्स घरोघरी पाठवणं आपल्या महापालिका आणि जिल्हा परिषदांना जड नाही. त्याच्या जोडीला रुग्णसेवेच्या कामाचा तासाचा किमान दर ठरावा, ब्युरोंची नोंदणी व्हावी, त्यांच्या कमिशनवर मर्यादा यावी आणि अंथरुणाला खिळलेल्या गरीब वृद्धांच्या घरी मदतनिसाच्या पगाराचा काही वाटा सरकारने उचलावा. दर वाढवला आणि हा वाटा दिला नाही, तर कुटुंबं बाई बंद करतील आणि आजी त्याच कुशीवर पडून राहतील. म्हणून दोन्ही एकत्रच व्हायला हवं.

आजी जातात त्या पहाटे त्यांचं अंग पुसून, केस विंचरून, धुतलेलं पातळ मावशीच नेसवतात. नातेवाईक जमू लागतात. दहाच्या सुमारास मावशी जिन्यात येऊन ब्युरोला फोन लावतात आणि दुसरं काम आहे का विचारतात. तारीख १७ असेल तर पैसे १७ दिवसांचे. तो महिना पुरा धरणारी घरंही आहेत. बाकीच्यांनीही तो धरावा, कायदा येईल तेव्हा येवो.