जुन्या दुचाकीला दंड, नव्या मोटारीला सूट!

जबलपूर हे वाहने घडविणाऱ्या कामगारांचे शहर आहे. 1969 साली उभारलेल्या येथील वाहन निर्माणीत सैन्याचे शक्तिमान ट्रक तयार झाले. 1 ऑक्टोबर 2021 रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडीत काढून ही निर्माणी एका निगमाच्या हवाली केली. त्यानंतर तीनच दिवसांनी, 4 ऑक्टोबरला, जुन्या वाहनांच्या नोंदणी-शुल्काची नवी अधिसूचना निघाली. सैन्याचे ट्रक बांधणाऱ्या कामगाराला आता स्वतःची जुनी दुचाकी बाळगणेही महाग झाले!

1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीचे नोंदणी-नूतनीकरण 300 रुपयांवरून 1,000 वर, तर मोटारीचे 600 वरून थेट 5,000 वर गेले. हा भार दर पाच वर्षांनी पडणार. मुदत हुकली की दुचाकीवर दरमहा 300 रुपये विलंब-आकार. म्हणजे वर्षभर उशीर झाल्यास 3,600 रुपये, मूळ शुल्काच्या साडेतीन पटींहून अधिक! सावकाराच्या व्याजालाही लाजविणारी ही वसुली आहे. एवढ्यानेही समाधान झाले नाही म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी 2,000 आणि मोटारीसाठी 10,000 रुपये ठरविण्यात आले.

हे सारे प्रदूषण रोखण्यासाठी, असे राज्यकर्ते सांगतात. मग शुल्क भरताच गाडीचा धूर कमी होतो काय? धूर मोजण्यासाठी वेगळी तपासणी आहेच. तीत उत्तीर्ण झालेल्या गाडीकडूनही दंडासारखे शुल्क उकळणे म्हणजे दारिद्र्यावर कर बसविणे होय. पंधरा वर्षे जुनी दुचाकी कोण वापरतो? रांझी-खमरियाचा कामगार, फेरीवाला, निवृत्त कारकून! नवी घेण्याची ऐपत नाही म्हणूनच तो जुनी चालवितो.

आणि ज्यांची ऐपत आहे त्यांच्यासाठी? त्याच मध्य प्रदेशात 2024 साली ग्वाल्हेर आणि उज्जैनच्या मेळ्यांत नवी वाहने घेणाऱ्यांना मोटार-करात 50 टक्के सूट देण्यात आली. गाडी जितकी महाग, तितकी सवलत मोठी! श्रीमंताच्या करात कपात आणि गरिबाच्या शुल्कात वाढ, या धोरणाचे वर्गस्वरूप याहून उघड ते काय असणार?

रस्ता-सुरक्षेला आमचा विरोध नाही. मद्यधुंद चालकाला कठोर शिक्षा व्हावीच. परंतु 2019 च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांचे दंड वाढविले. 1 सप्टेंबर 2019 रोजी हे नवे दंड अमलात येताच केंद्रातील सत्ताधाऱ्यांच्याच गुजरात सरकारला अनेक रकमा घटवाव्या लागल्या. महाराष्ट्रात योग्यता-प्रमाणपत्राच्या विलंबासाठी दररोज 50 रुपये आकारले जाऊ लागताच रिक्षाचालकांनी आंदोलन छेडले; जुलै 2024 मध्ये राज्य सरकारला ती वसुली स्थगित करणे भाग पडले. अर्जविनंत्यांनी जे साधत नाही, ते संघटित शक्तीने साधते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दुचाकी व लहान वाहनांचे नूतनीकरण-शुल्क पूर्ववत करा. मासिक विलंब-आकार रद्द करा. मेळ्यांतील करसवलत बंद करून तो पैसा शहरांच्या सार्वजनिक बससेवेवर खर्च करा. जबलपूरच्या कामगारांनो, रिक्षाचालकांनो, या मागण्यांसाठी एकजुटीने उभे राहा!