ट्रॅक्टर तापला? आधी हात आवरा!

शेतकरी बंधूंनो, मळणीच्या घाईत ट्रॅक्टरच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला, की आपण पहिलं काय करतो? रेडिएटरचं झाकण उघडतो. नेमकं तेच करू नका. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन थेट तोंडावर येते. डोळे गमावण्याइतकी घाई कशाची?

मळणीयंत्र थांबवा. वाफ येत नसेल, पाणी गळत नसेल, तर इंजिन दोन-चार मिनिटं मंद चालू ठेवा. नाहीतर लगेच बंद करा. अर्धा तास तरी थांबा. इंजिन निवल्यावर जाड गोणपाट धरून झाकण हळूहळू फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, आणि खर्च अंगावर येतो.

खरा इलाज मात्र आधीचाच. जाळीतला भुसा रोज काढा. पंख्याच्या पट्ट्याचा ताण बघा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत थर धरतात, म्हणून कूलंट वापरा.

मळणीआधीच्या ग्रामसभेत एवढं सांगायला आम्हा कृषी खात्याच्या माणसांना आणि ग्रामपंचायतीला पाच मिनिटं पुरतात. भाजलेल्या माणसाला तालुक्याला पळवण्यापेक्षा ते नक्कीच सोपं आहे.