होडी एकाची, मशीन दुसऱ्याचे: हेच बरे

गेल्या महिन्यात रत्नागिरीकडून मामूंचा फोन आला. मामू म्हणजे आईचे चुलतभाऊ. वय साठीच्या पुढे, अजून समुद्रावर जातात. सलाम-दुआ झाली, तब्येत विचारून झाली, मग मुद्द्यावर आले. "बाबा, तू शिकलेला आहेस, एक सांग. होडी बदलायची आहे. एक जण फायबरची होडी आणि मशीन असा सेटच देतोय. वेगवेगळे घेण्यापेक्षा स्वस्त पडतोय. पण म्हणतो, दुसरे मशीन बसवले तर होडीची वॉरंटी गेली. काय करू?"

मी राहतो अंबरनाथ पश्चिमेला, बुवापाड्यात. समुद्र माझ्यापासून लांब आणि मशीन म्हटले की मला एमआयडीसीतली मशीन आठवते. तरीही मामूंचा प्रश्न डोक्यातून जाईना. प्रश्न एका होडीचा नव्हता. दोन वस्तू बनवणारे एका छत्राखाली आले की घेणाऱ्याच्या हातात काय उरते, हा तो प्रश्न होता.

अंबरनाथकरांना कंपनी विकली जाणे नवीन नाही. विमको नाका कुणाला माहीत नाही? 1923 साली स्वीडिश भांडवलावर उभी राहिलेली ही माचिसची कंपनी 2005 मध्ये आयटीसीकडे गेली. 'शिप' म्हणजे जहाज छाप माचिसही तिच्याबरोबर गेली. कामगारांच्या घरात त्याचा काय परिणाम झाला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण माचिस विकत घेणाऱ्या बाईला फरक पडला नाही. तिच्या शेगडीने कधी विचारले नाही की माचिस कुणाची. उद्या शेगडीवाल्यानेच माचिसची कंपनी घेतली आणि "आमच्याच काडीने पेटेल" असे म्हटले, तर?

अमेरिकेत होड्यांच्या धंद्यात जवळजवळ असेच घडले. मर्क्युरी हे बाहेरून लावायचे मशीन बनवणारी कंपनी ब्रन्सविक या मोठ्या समूहाची. 1986 च्या अखेरीस ब्रन्सविकने बेलायनर आणि सी रे हे होड्या बनवणारे दोन मोठे कारखाने घेतले. समोरचा प्रतिस्पर्धी ओएमसी, म्हणजे जॉन्सन आणि एव्हिनरूड मशीनवाले. त्यांनीही घाईघाईने एकामागून एक होडीचे कारखाने घ्यायला सुरुवात केली. त्याआधी गिऱ्हाईक होडी एका ठिकाणी पसंत करी आणि मशीन आपल्या मनाचे लावी. आता कारखान्यातून होडी निघे तीच मालकाचे मशीन लावून. दुसरे हवे असेल तर जास्त पैसे मोजा, नाहीतर दुसरी होडी शोधा.

ज्यांचे कारखाने विकले गेले नव्हते त्यांनाही हे जाणवले. इंजिनाच्या खरेदीत ठराविक हिस्सा आमच्याकडून घेतलात तर इतके टक्के सूट, अशी ब्रन्सविकची पद्धत होती. साठ टक्के घ्या तर थोडी, ऐंशी टक्के घ्या तर जास्त. हे होडीच्या आत बसणाऱ्या इंजिनाबद्दल होते, पण गणित तेच. होडीवाले कोर्टात गेले. खालच्या कोर्टात 1998 मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. 2000 मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. सूट देणे हा गुन्हा नाही, कुणाला बांधून ठेवलेले नव्हते, दुसरीकडे जायची वाट मोकळी होती, असा त्याचा सूर. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण मोकळी वाट आणि परवडणारी वाट यातला फरक आपल्या मामूंना कुणी समजावून सांगायला नको.

खरा धडा त्यानंतरचा आहे. डिसेंबर 2000 मध्ये ओएमसीने दिवाळे जाहीर केले. एका छत्राखाली आणलेला संसार पुन्हा विखुरला. मशीनचा धंदा कॅनडाच्या बॉम्बार्डियरने घेतला, होड्यांचे कारखाने दुसरीकडे गेले. पुढे 2020 मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनच बंद झाले. 1909 पासून चालत आलेले नाव संपले. 'सेट' घेणाऱ्याने दोन वस्तू एकाच नशिबाला बांधल्या होत्या, त्याचे काय झाले असेल याचा विचार करा.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. सेट वाईटच असतो असे नाही. होडीच्या वजनाला शोभेल असे मशीन आणि त्याला शोभेल असा पंखा कारखान्यातच जुळवला तर तेल कमी लागते. तक्रार असेल तर एकाच दारात जायचे. होडीवाला मशीनवाल्याकडे आणि मशीनवाला होडीवाल्याकडे बोट दाखवत नाही. पैसेही वाचतात. सोयीला नावे ठेवणारा मी कोण?

पण बाहेरून लावायच्या मशीनची सगळी खुबीच मुळी वेगळेपणात आहे. होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचे, दोन स्क्रू आवळायचे, झाले. छोटे मशीन बिघडले तर सोडवून खांद्यावर टाकायचे आणि मेस्त्रीकडे न्यायचे. होडी म्हातारी झाली तर मशीन नव्या होडीवर चढते. मशीन गेले तर होडी राहते. गरीब माणसाला ही सोय फार मोठी आहे, कारण त्याच्याकडे दोन्ही एकदम बदलायचे पैसे कधीच नसतात.

आणि आपल्या किनाऱ्यावर मशीन निवडतो कोण? राजिवडा असो, मिरकरवाडा असो की साखरीनाटे, तिथला मच्छीमार जाहिरात बघून मशीन घेत नाही. तो विचारतो, मेस्त्रीचा हात कशावर बसलाय? पार्ट कुठे मिळतो? शेजारच्या होडीवर कुठले आहे? म्हणजे भर समुद्रात अडकलो तर त्याच्याकडे प्लग मागता येईल. यामाहा की सुझुकी, हा वाद या तीन प्रश्नांवर सुटतो. सेटवाला यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो फक्त किंमत सांगतो.

खरे तर बांधले जाणे आपल्या लोकांना नवीन नाही. व्यापाऱ्याकडून हंगामाआधी उचल घ्यायची, मग मासळी त्यालाच घालायची, तो लावील त्या भावाने. कागदावर व्याज नसते, पण भावात कापलेले असते. व्याजापासून दूर राहणाऱ्या घरातसुद्धा हे व्याज गुपचूप जेवायला बसते. उचलीने मासळी विकायची मोकळीक गेली. आता सेटने मशीन घ्यायचीही मोकळीक जाणार असेल तर मच्छीमाराचे स्वतःचे राहिले काय? फक्त समुद्राची जोखीम?

मला वाटते, आपल्या मच्छीमार सोसायट्यांनी इथे लक्ष घालावे. डिझेलच्या परताव्याचे कागद सोसायटी करतेच. त्याच सोसायटीने दहा-वीस जणांची मागणी एकत्र करून मशीनचा भाव पाडून घ्यावा, सुटे पार्ट ठेवावेत. सरकारी अनुदान मिळेल तेव्हा मशीन कुठले, हे घेणाऱ्यावर सोडावे, अशी मागणी करावी. आणि आपल्या पोरांनी मेस्त्रीकाम शिकावे. ज्या गावात मेस्त्री आहे त्या गावाला कुणी सहज बांधू शकत नाही.

मामूंना मी एवढेच सांगितले, "त्याला विचारा, मशीन काढून नुसती होडी कितीला देतोस? आणि वॉरंटीची अट कागदावर लिहून माग." आठ दिवसांनी फोन आला. कागदावर लिहून द्यायला तो तयार नव्हता. मामूंनी गावातल्याच कारागिराकडे होडी टाकली आहे. जुने मशीन मेस्त्रीने उघडून बघितले, अजून दोन हंगाम काढील म्हणाला.

"दोन हंगामांनंतर?" मी विचारले.

"तेव्हा बघू कुठले घ्यायचे," मामू म्हणाले. "बघता येईल, हेच खूप झाले."