कालवडीला वांझ ठरविणारे कोण?

राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले, तेव्हा गावोगाव आनंद व्यक्त झाला. तो योग्यच होता. पण त्याच गावांत चार वर्षांची होऊनही माजावर न आलेली देवणी वा खिलार कालवड गोठ्याच्या कोपऱ्यात वाळका कडबा चघळत उभी असते आणि मालक निःशंकपणे सांगतो, "देशी जातच उशिरा फळणारी!" आपल्या अनास्थेचे खापर गोवंशाच्या माथी फोडण्याचा हा प्रकार आहे.

वंशागणिक थोडे अंतर असते, हे मान्य. परंतु कालवड वयात येते ती पंचांग पाहून नव्हे. पूर्ण वाढलेल्या गाईच्या सुमारे ६० ते ६५ टक्के वजन भरल्यावाचून तिचे शरीर प्रजननास सिद्ध होत नाही. ज्या वंशाची गाय ४०० किलोंची, तिची कालवड २४० ते २६० किलोंची व्हावयास हवी. ती होणार कशी? दूध तुटले की पेंड आणि हिरवी वैरण दुभत्या गाईपुढे जाते. हिच्या वाट्याला नुसता कडबा. त्यात प्रथिने तुटपुंजी, स्फुरद अपुरे. माज येतच नाही, किंवा मुका राहतो. उरलेसुरले जंत आणि गोचीड फस्त करतात. पोळ्याला बैलावर झूल चढते. ज्या मातेच्या पोटी तो जन्मावयाचा, तिच्या गव्हाणीत मूठभर खनिज मिश्रणही नसते!

माज २१ दिवसांनी येतो आणि दिवसभरही टिकत नाही. सकाळ-संध्याकाळ कालवडीकडे न पाहणाऱ्याने रेतन फसल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? याउलट काही उतावळे अपुऱ्या वजनाचीच कालवड भरवतात. ती विताना अडते, आणि पहिलारू असताना स्वतःची वाढ व दूध दोन्ही पेलताना पुन्हा माजावर येण्यास महिनोन्‌महिने लावते. मग तिलाही भाकड म्हणून मोकळी सोडतात. कायदा तिला सुरीपासून वाचवील, उपासमारीपासून नव्हे.

गोशाळांना शासनाने प्रति गाय प्रतिदिन ५० रुपये अनुदान मंजूर केले आहे. ते घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे : दरमहा प्रत्येक कालवडीच्या छातीचा घेर फितीने मोजून वजन काढावे, माजाची तारीख लिहावी. अशी नोंदवही आपल्या तालुक्यातील किती गोशाळांत सापडेल?