हवेतून पाणी काढणारे स्फटिक: रसायनशास्त्राचं २०२५चं नोबेल नेमकं कशासाठी?

अवघी दोन-तीन ग्रॅम पावडर. पण तिच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या, तर फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल.

असे पदार्थ घडवल्याबद्दल २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल जपानचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियातील रिचर्ड रॉबसन आणि अमेरिकेतील ओमर याघी यांना जाहीर झालं. पदार्थांचं नाव आहे 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क', थोडक्यात 'मॉफ'.

मॉफ म्हणजे काय?

बांधकामाची परांची डोळ्यांसमोर आणा. सांध्यांच्या जागी धातूचे आयन, बांबूंच्या जागी कार्बनयुक्त रेणू. ही चौकट तिन्ही दिशांना जशीच्या तशी पुन्हा पुन्हा येते, म्हणून हा स्फटिक. मात्र मिठात कण एकमेकांना खेटून बसलेले असतात, तर इथे मधे मोकळ्या 'खोल्या' उरतात.

ही शिस्तच महत्त्वाची आहे. खोल्या ठरावीक मापाच्या असल्यामुळे आत कोणता रेणू अडकेल, हे धातू आणि रेणू निवडून बऱ्याच अंशी आधीच ठरवता येतं.

सुरुवात कशी झाली?

१९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात रॉबसन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची मॉडेल्स बनवत होते. गोळ्यांना भोकं योग्य जागी पाडली, की रचना आपोआप बरोबर जुळते, हे त्यांच्या लक्षात आलं. खऱ्या रेणूंचंही असंच होईल का? १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन वापरून अशी रचना मांडली. पण ती सहज कोसळायची.

१९९७ मध्ये कितागावांनी दाखवलं, की अशा रचनेत वायू आत-बाहेर करू शकतो. १९९९ मध्ये याघींनी 'मॉफ-५' तयार केलं. ते रिकामं असताना ३०० अंश सेल्सिअसलाही टिकतं.

वाळवंटात पाणी कसं मिळतं?

रात्री मॉफ हवेतली वाफ धरून ठेवतं. दिवसा उन्हाने तापलं की ती सोडतं. ती थंड केली की पाणी. याघींच्या गटाने ॲरिझोनाच्या वाळवंटात हे करून दाखवलं. जॉर्डनमधल्या अम्मान इथे निर्वासित कुटुंबात वाढलेल्या याघींच्या घरी नळाचं पाणी नव्हतं.

मग अडचण कुठे आहे?

अनेक मॉफ ओलाव्यातच मोडतात. जी टिकतात, तीही स्वस्तात आणि टनांनी बनवावी लागतात. शिवाय हवाच कोरडी असेल तर पाणीही कमीच मिळणार.

तरी वाट बंद नाही. 'कॅल्फ-२०' नावाचं मॉफ ओलावा सहन करतं. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला आहे.

आजवर हजारो मॉफ तयार झाली आहेत. त्यातली किती प्रयोगशाळेबाहेर टिकतात आणि परवडतात, यावरच या शोधाचा सर्वसामान्यांना होणारा उपयोग ठरेल.