दोन चाकांचा जोर आणि डोंगरातील वाट

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेपासून बोरचे डोंगर तासाभराच्या अंतरावर आहेत; मेळघाटही सुट्टीच्या टप्प्यात येतो. त्यामुळे नव्या जीपगाड्या बाळगणाऱ्या आमच्या सुखवस्तू वर्गाला अलीकडे एका गहन प्रश्नाने ग्रासले आहे : टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी डोंगरातील कच्च्या वाटेवर नेता येईल काय?

यांत्रिक उत्तर सोपे आहे. चढावर भार मागे सरकतो, म्हणून मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी कोरड्या मुरमावर बऱ्यापैकी चढते. पुढच्या चाकांची ओढ असलेली मोटार तेथेच पकड सोडते. मात्र ओल्या काळ्या मातीत एक चाक घसरले की साध्या डिफरन्शियलमुळे दुसऱ्याचीही ओढ जाते आणि घसरलेले चाक जागच्या जागी फिरून वाट खणू लागते. पावसाचे पाणी त्याच चाकोरीतून वाहते व तिचा ओहोळ होतो. ज्या वाटेने कोरकू बाया सरपण आणतात ती उकरून सहलकरी सोमवारी कचेरीत हजर! याला साहस म्हणण्याची आमची तयारी नाही.

साहस पाहायचेच असेल तर धारणी-चिखलदऱ्याच्या घाटांत पाहावे. एसटीची गाडी, प्रवाशांनी खच्चून भरलेली काळी-पिवळी, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका, ही सारी वाहने दोन चाकांच्या जोरावरच चालतात. त्यांच्या चालकांची कोणी स्पर्धा भरवीत नाही. पावसाळ्यात रुग्णवाहिका नाल्याच्या अलीकडे थांबते आणि बाळंतिणीला खाटेवर घालून तिथवर आणावे लागते. त्या घरातील माणसांना गाडी किती चाकांच्या जोरावर चालते याचे कुतूहल नाही; त्यांना रस्ता हवा आहे.

तो का मिळत नाही? 2000 साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने सपाटीवर 500 आणि डोंगराळ व आदिवासी भागात 250 लोकवस्तीची अट घातली. त्याहून लहान ढाण्यातील माणसे या हिशेबात माणसेच नव्हेत! याउलट नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर लांबीचा झाला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातूनच जातो, आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. गुळगुळीत रस्त्यावर गरिबाच्या वाहनाला बंदी, आणि गरिबाच्या पायवाटेवर श्रीमंताच्या वाहनाला मोकळीक, अशी ही व्यवस्था आहे. डिझेलवरील रस्ते उपकर मात्र इंजिनावर ओलीत करणारा शेतकरीही भरतो.

वनखाते रस्त्याला आडवे येते, ही सबब नेहमीची. परंतु 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) अन्वये, ग्रामसभेची शिफारस असल्यास, रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 हून अधिक झाडे मात्र तोडता येत नाहीत. त्याच कायद्याचे कलम 5 ग्रामसभेला वन आणि पाणलोट जपण्याचा अधिकार देते. म्हणजे रुग्णवाहिकेसाठी रस्ता मागणे आणि हौशी गाड्यांना वाटेवर अटकाव करण्याचा निर्णय घेणे, ही दोन्ही कामे एकाच ग्रामसभेत होऊ शकतात. मेळघाटातील आपल्या कार्यकर्त्यांनी अभयारण्याबाहेरील गावांत येत्या पावसाळ्यापूर्वी असे ठराव करून घ्यावेत, ते वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात समक्ष दाखल करावेत आणि त्यांची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.